परमिटवाल्या मॅडम

मुलाखतीत मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला.

"अशी एखादी कमांड सांग, जी तुले येत होती पण तू मारली नाईस."

पुण्याची नोकरी सोडून मी नाचणगावला घरी परत आले होते. वर्ध्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागात जागा निघाली, म्हणून पुलगावहून गाडी धरून गेले. सर्व्हर म्हणजे अख्ख्या हॉस्पिटलची नोंद ज्यात असते तो मोठा कॉम्प्युटर, आणि कमांड म्हणजे त्याला एका ओळीत लिहून द्यायचा हुकूम. असे हुकूम मला पुष्कळ पाठ होते आणि ते विचारतील म्हणून मी उजळणीही केली होती. न मारलेल्या कमांडची उजळणी कोण करतं?

मग आठवलं. पुण्यात एकदा आमच्या साहेबांनी प्रवासातून फोनवर एक कमांड सांगितली होती. आवाज तुटत होता, शेवटचा शब्द मला नीट ऐकू आला नव्हता. मी ती मारली नाही, मेसेजवर लिहून मागवली.

"मंग?" मॅडम म्हणाल्या.

"लिहून आली ती वेगळीच होती."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "सोमवारी ये. येताना डबा आणजो. इथलं कॅन्टीन बेकार आहे."

ठेंगण्या होत्या. सुती साडी, तिच्याखाली पांढरे स्पोर्ट शूज, अंबाड्यात खोचलेला बॉलपेन. हा पेन त्या दिवसभर शोधत असत आणि तो कुठे आहे हे सांगायची कोणाची हिंमत नसे. आवाज असा की लॅबच्या दारातून बोलल्या तर फाटकाबाहेरच्या मेडिकल स्टोअरवाल्याने मान वर करावी. राहायला बोरगाव मेघेला. येताना-जाताना स्कूटी स्वतः चालवत, आणि रस्त्यावर कोणी चुकलं तर थांबून त्याला चूक समजावून सांगत.

सर्व्हरच्या खोलीत त्यांनी खुर्ची एकच ठेवली होती. त्याचं कारण उन्हाळ्यात कळलं. मे महिन्यात आमच्या हॉस्पिटलात खरा गारवा असलेली ती एकच खोली. डॉक्टर येत, सिस्टर येत, ट्रस्टचे एक सभासद तर पेपर घेऊन येत. मॅडम कोणालाही जा म्हणत नसत. त्या खुर्चीवर बसत आणि येणाऱ्याला उभ्याउभ्या बॅकअप म्हणजे काय ते समजावून सांगायला लागत. माणूस आपोआप निघून जाई. सभासदांनी मात्र बॅकअप पूर्ण ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तेव्हा मॅडमनी खुर्ची त्यांना देऊन टाकली. "हा माणूस ऐकते," म्हणाल्या.

सर्व्हरना त्यांनी आपल्या नद्यांची नावं दिली होती. धामवर पेशंटची नोंदणी, बोरवर लॅबचे रिपोर्ट, यशोदेवर औषधांचा साठा. आणि वणा सरावासाठी. काहीही नवीन करायचं तर आधी वणावर करायचं, मोडलं तर मोडू द्यायचं, पुन्हा उभं करायचं. वणावर खऱ्या पेशंटचं नाव कधीच ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. तिथले पेशंट मॅडमनी मनाने रचलेले होते आणि त्यांना मॅडमच्या सासरच्या माणसांचे आजार होते.

या नावांनी एकदा मजा केली. ऐन पावसाळ्यात धामवरची जागा संपत आली आणि मॅडम व्हरांड्यात उभ्या राहून माझ्यावर ओरडल्या, "धाम भरली वो! लवकर काहीतरी कर!" तिथून जाणाऱ्या एक सिस्टर पवनारच्या. त्यांचं घर नदीच्या अंगाला. त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि घरी फोन लावून शेळ्या वरच्या वाड्यात बांधायला सांगितल्या. संध्याकाळी खरा प्रकार कळल्यावर त्या मॅडमकडे आल्या. मॅडम पोट धरून हसल्या, आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पण तुम्ही बरोबर केलं. आधी शेळ्या बांधाच्या, मंग चौकशी कराची."

आता त्यांच्या पॅनलबद्दल सांगायला हवं, कारण सगळं हॉस्पिटल त्यांना ओळखत होतं ते त्यावरून.

त्यांच्या आधीची पद्धत अशी होती की लॅबची छपाई अडकली, की कोणीतरी फोन करायचं आणि आमच्यातलं कोणीतरी सर्व्हरची काळी खिडकी उघडून त्यात कमांड लिहायचं. त्या काळ्या खिडकीत छपाईही सुरू करता येते आणि अख्खं हॉस्पिटल पुसूनही टाकता येतं. दोन्हीला तेवढाच वेळ लागतो. मॅडमनी ती खिडकी बंद केली आणि साध्या ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान तयार केलं, तेच हे पॅनल. कोणत्याही टेबलावरून उघडा, पुलगावच्या आमच्या छोट्या दवाखान्यातूनही उघडा. आपलं नाव, पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा आकडा टाकला की समोर बटनं. ज्याचं जे काम, तेवढीच बटनं त्याला दिसत. हिरवं बटन कोणीही दाबावं. "छपाई पुन्हा सुरू कर." "जागा किती उरली ते दाखव." लाल बटन दाबलं की काम लगेच होत नसे. ती विनंती दुसऱ्या माणसाच्या स्क्रीनवर जाई, त्याने वाचून मंजूर केली तरच पुढे.

प्रत्येक बटनाच्या मागे एकच कमांड, मॅडमनी स्वतः लिहिलेली आणि वणावर तपासलेली. त्या कमांडपलीकडे सर्व्हरवर काही करायची पॅनलला मुभाच नव्हती. आणि कोणतंही बटन दाबलं की स्क्रीनवर 'का?' विचारणारा आमच्याकडचा एक शब्द येई: "काऊन?"

कारण लिहिल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. तुम्ही काय लिहिलं याचा सर्व्हरवर काही परिणाम होत नव्हता, ते फक्त मॅडमना वाचायला मिळत असे. रोज सकाळी चहासोबत त्या आदल्या दिवशीची कारणं वाचत, मोठ्याने, दाद देत. नोंदणी विभागाचे बडे बाबू त्यांचे आवडते लेखक. बाबूंचं प्रत्येक कारण म्हणजे अर्ज असे: "महोदया, खिडकीवर रुग्णांची गर्दी झाली असून यंत्र मंद चालत आहे, तरी कृपा व्हावी." एकदा एका तरुण डॉक्टरांनी कारणात नुसतं "सहज" लिहिलं. मॅडम चहा अर्धा टाकून उठल्या आणि त्यांना वॉर्डात जाऊन गाठलं. "डॉक्टर, तुम्ही सुई सहज टोचता काय?"

लाल बटनाचा नियम त्यांनाही लागू होता. त्यांच्या विनंत्या माझ्याकडे येत, आणि मी त्यांच्या हाताखालची. पहिल्या आठवड्यात मी न वाचताच मंजूर करत होते. मॅडमनी मुद्दाम कारणाच्या जागी "आज भाजीत मीठ जास्त झालं" असं लिहून पाहिलं आणि मी तेही मंजूर केल्यावर त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढे मी वाचायला लागले. एकदा त्यांनी "जुनं काम" एवढंच लिहिलेलं मी नामंजूर केलं. त्या खुर्चीवरून उठून माझ्या टेबलासमोर आल्या.

"काऊन नाई म्हणून राह्यली?"

"कोणतं जुनं काम, ते लिहिलं नाही."

"मले माहीत आहे ना कोणतं!"

"मला माहीत नाही, मॅडम."

नाक फुगवून त्या परत गेल्या, पूर्ण वाक्य लिहिलं, मी मंजूर केलं. जेवताना त्यांनी डब्यातल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या माझ्या ताटलीत सरकवल्या. सांबारवडी त्या कोणाला देत नसत.

त्यांचे यजमान वीज मंडळात लाइनमन होते, आता निवृत्त. मितभाषी माणूस. एका दुपारी मॅडमचा विसरलेला चष्मा द्यायला आले आणि खोलीत उभ्याउभ्या पॅनलकडे पाहत राहिले. मी त्यांना लाल बटनाचं सांगितलं.

"हे तं आमचं परमिट झालं," ते म्हणाले.

मग त्यांनी मला परमिट समजावलं. खांबावर चढायच्या आधी लाइनमन सबस्टेशनला सांगतो. तिथला ऑपरेटर लाइन बंद करतो, कुलूप घालतो आणि परमिट देतो. ते हातात आल्याशिवाय चढायचं नाही. आणि ज्याने परमिट घेतलं त्याने ते परत केल्याशिवाय, कोणी कितीही मोठा साहेब ओरडला तरी ऑपरेटर लाइन सुरू करत नाही.

"म्हून मी अजून आहो," ते हसून म्हणाले आणि चष्मा टेबलावर ठेवून गेले.

मॅडमनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. पण ते गेल्यावर म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा पावसात लाइन गेली का मले झोप येत नव्हती. सासू म्हणे, देवाचं नाव घे. मी याले परमिटचं इचारलं, पूर्ण समजून घेतलं, अन् मंग झोपायले लागली." हॉस्पिटलात त्यांना परमिटवाल्या मॅडम म्हणायला लागले ते तेव्हापासून. त्यांनाही ते आवडत होतं.

अशात नवे प्रशासकीय अधिकारी, म्हणजे आमचे नवे साहेब, आले. नागपूरचे, झटपट काम करणारे, प्रामाणिक. त्यांचं म्हणणं असं की पॅनलवर ज्याचं बटन नाही असं काही अडलं की लोक मॅडमची वाट पाहत बसतात. पुलगावला एकदा औषधाची खिडकी सकाळभर बंद राहिली, कारण लागणारं बटन नव्हतं आणि मॅडम लग्नाला गेल्या होत्या. ते नागपूरच्या एका कंपनीच्या माणसाला घेऊन आले. त्या कंपनीचंही पान ब्राउझरमध्येच उघडायचं, पण त्यात बटनं नव्हती. एक मोकळी चौकट होती. तिच्यात काहीही कमांड लिहा, सर्व्हर करून देईल. मोबाइलवरूनसुद्धा.

"म्हणजे काळी खिडकीच," मॅडम म्हणाल्या. "फक्त तिले पांढरा रंग देला."

"मॅडम, लॉगिन आहे ना," कंपनीचा माणूस म्हणाला. "विश्वासाच्या माणसांनाच द्यायचं."

"माणसावर विश्वास आहे माहा. माणसाचा पासवर्ड माणसापाशीच राहील, याच्यावर नाई."

"तुमची ही बटनं म्हणजे लहान मुलांचा खेळ वाटतो मला," साहेब म्हणाले. रागाने नव्हे. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"तसंच पाह्यजे साहेब. लहान लेकरानं दाबलं तरी काही बिघडाले नाई पाह्यजे."

बराच वेळ वाद झाला. साहेबांच्या हातात हुकूम काढायचा अधिकार होता, आणि तो ते वापरणार हे दिसत होतं. शेवटी मॅडमनी एक मागितलं: चौकट आधी वणावर लावा, महिनाभर वापरून पाहा, मग धामवर आणा. साहेबांनी मान्य केलं. लोकांना नवा पासवर्ड नको म्हणून पॅनलचं लॉगिनच त्या चौकटीला जोडलं.

महिना पुरा व्हायची गरज पडली नाही. एका दुपारी ओपीडीची गर्दी ओसरली होती, लॅबच्या रिपोर्टची रांग तेवढी उभी होती. माझ्या स्क्रीनवर लाल विनंती आली, बडे बाबूंच्या नावाची. "बॅकअप थांबवा." सगळ्या नोंदींची दुसरी प्रत दिवसभर आपोआप तयार होत असे, तो बॅकअप. गर्दीच्या वेळी त्यामुळे खिडकीवरचं काम मंद होई, म्हणून बाबूंना तशी विनंती करायची मुभा होती. पण कारणाच्या जागी दोनच अक्षरं होती. "ओके."

मी मॅडमना हाक मारली. त्या आल्या, वाकून वाचलं.

"बाबू अन् ओके? महोदया कुठं गेली?" आणि लगेच आवाज बदलला. "दाबू नोको काही. फोन लाव."

मी बाबूंना फोन लावला. "बाबूजी, तुम्ही आता पॅनलवर काही करून राहिलात का?"

"मी? मी तं जेवून राह्यलो जी. काऊन?"

मी विनंती नामंजूर केली. मॅडमनी त्याच वेळी बाबूंचं खातं बंद केलं. मग आम्ही पाहिलं. बाबूंच्या नावाने आत आलेल्या कोणीतरी छपाईचं हिरवं बटन लागोपाठ दाबलं होतं. लॅबचा प्रिंटर जरासा अडखळून पुन्हा सुरू झाला होता. जागा किती उरली तेही त्याने पाहिलं होतं. खऱ्या सर्व्हरवर त्याला एवढंच करता आलं.

वणा उघडली तर आत काहीच नव्हतं. मोकळ्या चौकटीत त्याला हवं ते लिहिता आलं होतं आणि त्याने सगळं पुसलं होतं. मॅडमच्या सासरची माणसं आजारांसकट गेली होती. वणाच्या जागी धाम असती तर, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. बाहेर रांगेत लोक रिपोर्टची वाट पाहत उभे होते, एकेकाचा कागद निघत होता, आणि कोणाला काही कळलं नव्हतं.

बाबूंनी पासवर्ड दिला होता. सकाळी त्यांना फोन आला होता, "हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातून बोलतोय, तुमचं खातं बंद होणार आहे." बाबूंनी पासवर्ड सांगितला आणि मोबाइलवर आलेला आकडाही वाचून दाखवला.

साहेब खाली आले. मॅडमनी त्यांना दोन्ही स्क्रीन दाखवल्या, धामची आणि वणाची. साहेबांनी दोन्ही वाचल्या. मग म्हणाले, "ती चौकट आजच काढा. आणि बाबूंना मी नोटीस देतो."

"नोटीस कायची?"

"पासवर्ड दिला त्यांनी, मॅडम!"

"देला. माणूस आहे, फसन. तो फसला तरी पेशंटचं काही बिघडू नये, याचाच तं आपल्याले पगार भेटते. आज पेशंटचं काही बिघडलं काय?"

"नाही."

"मंग?"

मॅडमच पुढे म्हणाल्या, "तुमची एक गोष्ट मात्र खरी होती. पुलगाववाले माह्या वाटेकडं डोळे लावून बसतात, ते चूक आहे. आजपासून बटन बनवाचा अधिकार हिलेही." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं बनवलेलं मी तपासन, मी बनवलेलं ही तपासन. लग्न असो का मयत, कोणाचं अडणार नाई."

साहेब मान डोलावून गेले. नोटीस निघाली नाही.

तासाभराने बाबू आले. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. दारातच उभे राहिले, आत येईनात. "मॅडम, मी राजीनामा लिहून देतो."

"राजीनामा नोको. शनिवारी हॉलमध्ये सगळ्यायसमोर उभं राहून सांगा, कसे फसले ते."

"लोक हासतील वो."

"हासू द्या. मी सांगतलं तं झोपतील. तुमचं ऐकतील."

शनिवारी बाबू इस्त्रीचा शर्ट घालून आले. डॉक्टर, सिस्टर, क्लार्क, वॉर्डबॉय, साहेब, सगळे बसले होते. मॅडम भिंतीला टेकून उभ्या. बाबूंनी आधी सगळ्यांना नमस्कार केला. मग त्यांनी फोन कसा आला ते सांगितलं, तो माणूस किती नम्र बोलत होता ते सांगितलं.

"त्यानं मले सर म्हटलं," बाबू म्हणाले. "इथं मले सगळे बाबू म्हणतात. घरी बी बाबूच. एवढ्या नोकरीत कोणी सर नाई म्हटलं. त्यानं म्हटलं, सर, तुमचा पासवर्ड. अन् मी सांगून टाकला."

मागे कोणीतरी हसलं. मग ते हसू तिथेच थांबलं. बाबू खाली पाहत उभे होते.

पहिल्या रांगेतून साहेब उठले. आपण काही बोलायला उठलोय हे त्यांनाच नवीन असावं, असे ते जरा घुटमळले.

"तो फोन मलाही आला होता," ते म्हणाले. "मीही पासवर्ड सांगितला. आकडा सांगणार तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला म्हणून वाचलो." ते बाबूंकडे वळले. "आणि मला तर दिवसभर सगळे साहेब नाहीतर सर म्हणतात."

आता कोणी हसलं नाही. बाजूच्या रांगेत एका सिस्टरचा हात वर झाला, मग लॅबच्या मुलीचा, मग त्या तरुण डॉक्टरांचा.

मॅडमनी ते सगळे हात पाहिले. पुढे येऊन त्यांनी बाबूंच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"बसा साहेब," त्या म्हणाल्या, आणि मग बाबूंकडे वळून, नेहमीच्या त्या मेडिकल स्टोअरपर्यंत जाणाऱ्या आवाजात, "हां सर, मंग पुढं काय झालं? सांगा."